ओट्यासाठी ग्रॅनाइट घेताना: रंगाच्या आधी पाहायच्या गोष्टी

प्रश्न असा आहे: इंदिरानगरला जुन्या सोसायटीत फ्लॅट आहे. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे आणि तो जागोजागी पांढरट पडलाय. तो काढून ग्रॅनाइट बसवायचा आहे. घरच्यांना पांढरा आवडतो, दुकानदार काळा घ्या म्हणतो आणि मैत्रीण क्वार्ट्झ सुचवते. कोणता घ्यावा, नंतर काळजी काय घ्यावी, आणि निघालेला कडप्पा टाकून द्यायचा का?

ताई, मी नाशिकमध्ये बरीच वर्षं ओटे, पायऱ्या, उंबरठे बसवायचं काम करतोय. लोकांचा सगळा वेळ रंग ठरवण्यात जातो. ओटा फुटला म्हणून बोलावलं की मात्र दोष बहुतेक वेळा आधारात किंवा कटिंगमध्ये सापडतो, दगडात क्वचितच. म्हणून आधीच सांगतो, बजेट कमी असेल तर दगड थोडा स्वस्तातला घ्या, पण खालचा आधार आणि कारागीर यांच्यात काटकसर करू नका. साधा ग्रॅनाइट नीट बसवला तर तुमच्या हयातीत बदलावा लागणार नाही. महागाचा दगड अर्धवट आधारावर टाकला तर शेगडीच्या कोपऱ्यातून पहिली भेग जायला फार दिवस लागत नाहीत.

आधी तुमच्या कडप्प्याचं काय झालं ते सांगतो, म्हणजे ग्रॅनाइटकडून कशाची अपेक्षा करायची ते कळेल. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा हा दगड चुनखडीच्या जातीचा आहे. लिंबू, चिंच, आमसूल, दही, टोमॅटो यांतलं आंबट त्याला खातं. तिथलं पॉलिश उतरतं आणि खालचा करडा-पांढरट दगड उघडा पडतो. तुम्ही म्हणता तो पांढरटपणा म्हणजे वरून बसलेला डाग नसून दगडाचा वरचा थर गेल्याची खूण आहे. म्हणून तो कितीही घासला तरी जात नाही. मार्बल आणि कोटा यांचंही असंच होतं. ग्रॅनाइट वेगळ्या खनिजांचा असतो. रोजच्या स्वयंपाकातल्या आंबटाने त्याचं पॉलिश असं उतरत नाही.

पण बाजारात ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं ते सगळं एकाच जातीचं नसतं, आणि तुमच्या पांढरा की काळा या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. गुलाबी, करडे, पांढरे हे बहुतेक खरे ग्रॅनाइट किंवा त्यांचे जवळचे भाऊबंद. त्यांत क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक ही खनिजं असतात. काळे दगड शास्त्राने पाहिलं तर ग्रॅनाइट नाहीतच. अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक म्हणून विकला जातो तो डोलेराइट. आपल्या नाशिकचा कातळ बेसाल्ट आहे, त्याच्यात आणि डोलेराइटमध्ये खनिजं जवळजवळ तीच. फरक एवढाच की लाव्हा वर येऊन भरभर थंड झाला तर बेसाल्ट होतो, जमिनीखाली भेगांमध्ये सावकाश थंड झाला तर दाणा मोठा होऊन डोलेराइट होतो. काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वराचं मंदिर ज्या काळ्या दगडात उभं आहे त्याचाच हा नातेवाईक. मग इथलाच दगड ओट्याला का वापरत नाहीत, असं लोक विचारतात. आपल्या कातळात बऱ्याच थरांमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक भरलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. अतिशय सुंदर आहेत, मुलांना घेऊन एकदा जाऊन या. पण ओट्यासाठी आठ-दहा फुटांचा एकसंध, बिनभोकाचा, आरशासारखं पॉलिश घेणारा तुकडा लागतो. म्हणून ग्रॅनाइट आपल्याकडे बाहेरूनच येतो.

काळ्या दगडांत सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. तपकिरी छटेचा टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरकडचा. गुलाबी आणि करड्या रंगाचे स्वस्त दगड मोठ्या प्रमाणात राजस्थानातल्या जालोरहून येतात. काश्मीर व्हाइट नावाचा पांढरा दगड काश्मीरचा नाही, तामिळनाडूत मदुराईकडे निघतो. ही नावं व्यापाऱ्यांनी दिलेली असतात. एकाच नावाखाली दोन दुकानांत दोन वेगळे दगड मिळू शकतात. म्हणून नाव लक्षात ठेवा, पण पसंती प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या स्लॅबला द्या आणि त्याच स्लॅबवर खडूने तुमचं नाव घालून घ्या. नमुन्याच्या हातभर तुकड्यावरून ओटा कधीही ठरवू नका.

स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक सच्छिद्रपणाचा. दाट काळा दगड पाणी आणि तेल जवळजवळ पीत नाही. पांढऱ्या दगडांपैकी काही चांगलेच पितात. आपल्या घरात मिसळीची तर्री उकळते, फोडणीची हळद उडते, जूनमध्ये कैरीचं लोणचं पडतं, दिवाळीत दोन-तीन दिवस तळण चालतं. अशा घरात पांढरा दगड घेतला तर तो सीलर (पाणी-तेल आत मुरू नये म्हणून दगडाला लावायचं द्रव) लावून सांभाळावा लागेल, आणि सांडलेलं लगेच पुसायची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी लागेल. पांढरा घेऊच नका असं मी म्हणत नाही. जुन्या सोसायट्यांतली स्वयंपाकघरं अंधारी असतात, तिथे फिका ओटा खरोखर उजेड देतो. पण कामवाल्या मावशी, मुलं, पाहुणे, सगळे हात ओट्याला लागणार असतील तर माझं मत करड्या, ठिपक्यांच्या, मध्यम रंगाच्या दगडाकडे झुकतं. स्टील ग्रेसारखा दगड डाग दाखवत नाही, पाण्याचे पांढरे ठिपकेही दाखवत नाही. पूर्ण काळा आरशासारखा ओटा दुकानात जितका देखणा दिसतो तितकाच घरी प्रत्येक थेंबाचा डाग दाखवतो, आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना तर तो फारच पुसत बसावा लागतो.

लेदर फिनिशबद्दल, म्हणजे चामड्यासारख्या खडबडीत पृष्ठभागाबद्दल, लोक हल्ली विचारतात. त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत, हे खरं. पण बारीक खळग्यांमध्ये तेल आणि पीठ बसतं. रोज पोळ्या लाटणाऱ्या घरात मी साधं पॉलिशच सुचवतो.

मैत्रीण सुचवते तो क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लॅस्टिकसारखा चिकट पदार्थ) दाबून कारखान्यात केलेला स्लॅब. पाणी पीत नाही, रंग एकसारखा, पांढराशुभ्र मिळतो. त्याची कमजोरी रेझिन आहे. शेगडीवरून उतरवलेली तळणाची कढई सरळ त्यावर ठेवली तर रेझिन पिवळं पडतं, कधी तिथे गोल वळ उमटतो, आणि तो परत निघत नाही. ज्यांच्या घरी गरम भांडं ठेवायला कायम लाकडी पाट किंवा जाळी घेतली जाते त्यांनी क्वार्ट्झ जरूर घ्यावा. आपल्याकडे घाईच्या वेळी कुकर, कढई, तवा सगळं ओट्यावरच उतरतं. तिथे ग्रॅनाइट जास्त निभावून नेतो. अर्थात ग्रॅनाइटलाही थंडीतल्या गार ओट्यावर उकळत्या तेलाची कढई एकाच जागी रोज ठेवणं चांगलं नाही, विशेषतः सिंक किंवा शेगडीच्या कटिंगजवळच्या अरुंद पट्टीवर.

आता दुकानात काय करायचं ते. महामार्गालगतच्या गोदामांत स्लॅब घोड्यावर, म्हणजे तिरप्या सांगाड्यावर, उभे लावलेले असतात. जाताना एक लिंबू, पाण्याची बाटली, पांढरं सुती फडकं आणि नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन घेऊन जा. दुकानदाराला आधी विचारा आणि एखाद्या कोपऱ्यातल्या किंवा तुटक्या तुकड्यावर करून पाहा. चांगला व्यापारी नाही म्हणत नाही. पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर तिथे दगड काळसर, ओला दिसत असेल तर तो पितो, सीलर लागणारच. लगेच काळा पडला तर ओट्याला तो घेऊच नका. लिंबाचा रस तितकाच वेळ ठेवा. पुसल्यावर चमक गेलेली दिसली तर तो चुनखडीचा दगड आहे, दुकानदार काही नाव सांगो. काळ्या दगडावर अ‍ॅसिटोनचं फडकं जोरात घासा. फडक्यावर काळा रंग आला तर करड्या दगडाला रंग देऊन काळा केलेला आहे. असा रंग काही महिन्यांत शेगडीच्या आणि सिंकच्या आसपास उडायला लागतो आणि ओटा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. ही फसवणूक चालते, म्हणून ही चाचणी सोडू नका.

भेगा पाहायची रीत वेगळी. स्लॅब ओला करा आणि सुकताना बघत राहा. भेगेत पाणी थांबतं, त्यामुळे सगळा दगड सुकला तरी तिथे एक ओली रेघ शेवटपर्यंत दिसते. मग बाजूला उभं राहून तिरप्या उजेडात पॉलिशवर नजर टाका. दगडाच्या नैसर्गिक शिरा असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. नख फिरवून अडकलं तर मात्र ती भेग. बऱ्याच स्लॅबवर कारखान्यात रेझिन भरलेलं असतं आणि मागे फायबरची जाळी चिकटवलेली असते. हे लपवाछपवीचं काम नाही, नाजूक दगडांना तसं करतातच. पण मागे जाळी दिसली की हा दगड जपून कापावा लागेल आणि याला खाली पूर्ण आधार हवाच, एवढं समजा. बोटाच्या पेराने ठोकून आवाजही ऐका. अखंड दगड खणखणीत वाजतो, आतून तडकलेला बद्द वाजतो.

जाडी टेपने मोजा. अठरा मिलिमीटर सांगितलेला स्लॅब पंधरा-सोळा भरतो, असं होतं. एकाच स्लॅबच्या दोन टोकांनाही फरक असतो, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा. घरगुती ओट्याला 18 मिलिमीटर पुरेसा आहे, खाली आधार असेल तर. 18 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण साडेचार ते पाच किलो भरतो, काळा जास्त जड. म्हणजे दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचा नुसता दगड 90 ते 100 किलो झाला. वर शेगडी, भरलेला सिंक, मिक्सर, डबे. हा हिशोब मॉड्युलर किचनवाल्याला ऐकवा आणि ट्रॉलीच्या सांगाड्याची प्लाय कोणती, हे विचारा. ओल्या जागेतल्या सांगाड्याला IS 710 या भारतीय मानकाची, पाण्यात टिकणारी मरीन प्लाय मागा. सिंकखाली साधी पार्टिकल बोर्ड असेल तर ती पाण्याने फुगते, खचते आणि वरचा दगड अधांतरी होतो.

भाव ठरवताना चौरस फुटाचा आकडा ऐकून थांबू नका. त्यात काय काय आलं ते कागदावर लिहून घ्या: दगड, वाहतूक, वर चढवणं, कटिंग, समोरच्या कडेचं मोल्डिंग, सिंकचं आणि शेगडीचं कटिंग, पॉलिश. मोल्डिंग रनिंग फुटावर वेगळं लावतात आणि कटिंग नगावर. स्लॅबच्या कच्च्या, खडबडीत कडा मापात धरल्यात का, आणि उरलेला तुकडा कुणाचा, हेही आधीच बोला. उरलेला तुकडा तुमचा असतो, तो मागून घ्या. उंबरठ्याला, खिडकीच्या कट्ट्याला, देवघराच्या तळाला उपयोगी पडतो, आणि पुढे कधी कडेचा टवका उडाला तर त्याच दगडाची भुकटी एपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या गोंदात) मिसळून भरता येते.

आता आधार. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ओटा इथेच टिकतो किंवा जातो.

ग्रॅनाइट दाबाला फार मजबूत असतो, वाकायला मात्र अजिबात तयार नसतो. खाली पोकळी असेल आणि वर दणका बसला तर तो लवत नाही, सरळ तडकतो. आपल्या घरांत ओट्यावर खलबत्ता चालतो, आलं-लसूण ठेचलं जातं, आणि नारळ तर सर्रास ओट्याच्या कडेवर फोडतात. नारळाची सवय आजपासून बंद करा, त्याच्यासाठी दगडाचा वेगळा तुकडा ठेवा. खलबत्ता खाली जिथे उभी भिंत किंवा कडप्प्याची उभी फळी आहे नेमका त्याच जागी ठेवा, दोन आधारांच्या मधोमध नको. माझी पसंती अजूनही जुन्या पद्धतीला आहे: उभे आधार विटांचे किंवा कडप्प्याचे, दोन-अडीच फुटांच्या अंतराने, त्यावर आडवा कडप्पा आणि त्यावर ग्रॅनाइट. दोन दगडांची अशी बैठक वजनही पेलते आणि दणकाही. ट्रॉलीवर बसवायचा असेल तर सांगाड्यावर सलग मरीन प्लाय टाकून घ्या. नुसत्या कडांवर दगड ठेवून मधला भाग रिकामा सोडणं मला मान्य नाही.

सिमेंटच्या मालात बसवताना माल सगळीकडे सलग हवा. पाच ठिकाणी गोळे टाकून वर दगड दाबला की मध्ये पोकळ राहतं. बसवल्यावर ठोकून पाहा, पोकळ जागा लगेच कळते, आणि ती त्याच दिवशी काढायला लावा. फिका दगड असेल तर साध्या करड्या सिमेंटचं पाणी खालून वर चढतं आणि ढगासारखे डाग उठतात. त्यासाठी पांढरं सिमेंट किंवा फिक्या रंगाचं अ‍ॅडहेसिव्ह वापरायला सांगा. बसवल्यावर पहिले काही आठवडे दगड जागोजागी ओलसर, गडद दिसू शकतो. ती मालातली ओल असते, सुकत जाते. त्या काळात वर सीलर मारू नका, नाहीतर ओल आत अडकते.

शेगडीचं कटिंग हा दुसरा नाजूक भाग. आतले चारही कोपरे गोलसर हवेत. काटकोनात कापलेला कोपरा म्हणजे भेगेची सुरुवातच, कारण सगळा ताण त्या टोकाशी जमतो आणि रोज तापणं-थंड होणं तिथेच होतं. कारागीर कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडून मग सरळ कापतो का, हे उभं राहून पाहा. कटिंगच्या पुढे समोरच्या बाजूला निदान अडीच-तीन इंच दगड शिल्लक राहायला हवा, मागेही तितकाच. या दोन पट्ट्यांखाली लोखंडी पट्टी किंवा कडप्प्याची पट्टी आधाराला लावून घ्या. आणि कटिंग करायच्या आधी शेगडी आणि सिंक घरात आलेले हवेत. मॉडेल ठरलंय, माप इंटरनेटवर आहे, असं म्हणून कापू देऊ नका.

सिंक खालून बसवलेला चांगला, ओट्यावरचं पाणी सरळ आत ओढता येतं. पण भरलेल्या सिंकचं वजन सिलिकॉनवर टांगू नका, त्याला खालून स्वतंत्र आधार द्या. दगडाचा जोड सिंकवर किंवा शेगडीवर कधीही येऊ नये. एल आकाराच्या ओट्यात जोड कोपऱ्याजवळ पण कटिंगपासून लांब घ्या, आणि तो दगडाच्या रंगाच्या एपॉक्सीने भरा, पांढऱ्या सिमेंटने नको. जोड भरल्यावर बोट फिरवा. दोन बाजूंत पातळीचा फरक लागला तर तिथे कायम मळ साचेल. ओटा भिंतीला मिळतो तिथे बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन मागा. आपल्या पावसाळ्यात साधं सिलिकॉन काळं पडतं.

समोरची कड ट्रॉलीच्या दारांपेक्षा इंचभर पुढे हवी आणि तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी त्या खाचेपाशी खाली पडतं, आत दारांकडे ओघळत जात नाही. बरेच जण ही खाच मागतच नाहीत. ट्रॉलीची दारं खालून फुगलेली दिसली की मी आधी कड तपासतो. कडेचं मोल्डिंग अर्धगोल ठेवा. धारदार चौकोनी कड दिसायला आधुनिक असते, पण पातेलं आपटलं की टवका तिचाच उडतो.

उंची 34 इंच ठेवा असं सगळे सांगतात, तुम्ही ती स्वतःच्या हातावर मोजा. सरळ उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच कमी करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण 32-33 इंच येतात. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तिची चार-पाच इंच उंची वर वाढते आणि कुकरच्या आत डोकावायला टाचा उचलाव्या लागतात. त्यासाठी शेगडीपुरता ओटा खाली घेता येतो. पोळ्या लाटायची जागाही थोडी खाली असली तर खांदे दुखत नाहीत. स्वयंपाक जी व्यक्ती सर्वांत जास्त करते तिच्याच मापाने ओटा करा, घर बघायला येणाऱ्यांच्या नाही.

एक विनंती कारागिरांच्या वतीने. कटिंग घरात कोरडं करू देऊ नका. पाणी मारून करायला सांगा, शक्यतो मोठं कटिंग गोदामातच उरकून घ्या. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर फारच जास्त. ती फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. या कामातली तरुण मुलं तोंडाला नुसता रुमाल बांधतात आणि त्याने ही बारीक धूळ थांबत नाही. चांगला मास्क त्यांच्या हातात द्यायला तुम्हाला फार खर्च येणार नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ओल्या कटिंगचा फायदा तुम्हालाही आहे.

काम संपल्यावर मिस्त्री म्हणेल, अ‍ॅसिड मारून स्वच्छ करून देतो. स्पष्ट नाही म्हणा. फिक्या दगडांत लोहाचे कण असतात. अ‍ॅसिडने ते गंजतात आणि काही दिवसांत पिवळे-तांबूस डाग वर येतात, ते आतून आलेले असल्यामुळे पुसून जात नाहीत. सिमेंटचे थेंब सुकायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, राहिले तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

रोजची काळजी फार थोडी आहे. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि नंतर कोरडं पुसणं. यातलं कोरडं पुसणंच लोक सोडतात, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर नळाभोवती त्यामुळेच चढतो. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, पाणी उडून जातं, क्षार दगडावर राहतात. थर चढलाच तर ओलं फडकं अर्धा तास ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा आडव्या धरलेल्या ब्लेडने हळू काढा. टॉयलेट क्लीनर, तांब्या-पितळेची पावडर, लिंबू-मीठ, व्हिनेगर यांचा ओट्यावर उपयोग करू नका. दगड एका दिवसात जात नाही, पण पॉलिश आणि सीलर हळूहळू मंद होतात. गंज काढायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते तर ग्रॅनाइटलाही विरघळवतं. तारेच्या घासणीने ग्रॅनाइटवर ओरखडा येत नसला तरी तिचे लोखंडी कण मागे राहतात आणि गंजाचे ठिपके पडतात. चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळणारेही भेटतात. दोन दिवस चमकतं, मग त्यावर धूळ धरते.

डाग पडलाच तर तेलाचा डाग गडद दिसतो. खाण्याचा सोडा आणि पाणी यांची घट्ट पेस्ट त्यावर पाऊण सेंटिमीटर जाड लावा, वर प्लॅस्टिक चिकटवा, चोवीस तास ठेवा, मग प्लॅस्टिक काढून पेस्ट सुकू द्या. सुकताना ती तेल ओढून घेते. जुना डाग दोन-तीन वेळा करावा लागतो. हळदीच्या डागाला औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच पेस्टमध्ये पाण्याऐवजी वापरा, फिक्या दगडावरच. खिडकीपाशी ऊन येत असेल तर हळद आपोआपही फिकी पडते. द्राक्षाचा रस, वाइन, कोकम यांना थांबू देऊ नका, लगेच पुसा.

सीलर सगळ्यांना लागत नाही. दाट काळ्या दगडावर मारलं तर आत शिरत नाही, वर धुरकट थर बसतो आणि तो काढायचं काम वाढतं. वर्षातून एकदा पाण्याच्या थेंबांची चाचणी करा. थेंब तसेच उभे राहिले तर काही करू नका, दगड गडद झाला तर सीलर लावायची वेळ झाली. दगडात मुरणारं सीलर घ्या, वर थर धरणारं नको. ओटा पूर्ण कोरडा असताना लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर जादाचं सगळं पुसून काढा, आणि एक दिवस ओटा वापरू नका. सणाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर, मी करड्या मध्यम रंगाचा 18 मिलिमीटर दगड, अर्धगोल कड आणि खालून बसवलेला सिंक घेतला असता. पांढऱ्याचा आग्रह असेल तर भिंतीवरच्या टाइल्स पांढऱ्या घ्या, उजेडाचं काम त्या करतील. आणि कडप्पा टाकू नका. काढताना तो अखंड निघाला तर उलटा करून नव्या ग्रॅनाइटखाली बैठकीला वापरता येतो. तुकडे झाले तर उभे आधार किंवा आतल्या फळ्या होतात. मिस्त्रीला घणाने फोडायच्या आधी हे सांगा, आणि जोडातला माल छिन्नीने सोडवून काढायला लावा. त्याला अर्धा दिवस जास्त लागेल, त्याची मजुरी वेगळी ठरवून द्या.